ऑफिस की घर? 'ज्याची त्याची मर्जी' म्हणे!

उंबरठा: महिन्याभरापूर्वी आमच्याकडे मेल आला. घरून काम करा किंवा ऑफिसला या, ज्याची त्याची मर्जी. सगळे खूश. मग साहेब रोज ऑफिसात बसू लागले आणि तिसऱ्या आठवड्यापासून निम्मी टीम 'सहजच' रोज जायला लागली. मी घरीच. काम वेळेत देते. पण परवा मीटिंगला जॉइन झाले तर निर्णय आधीच झालेला, मला नुसतं कळवलं. ही कसली मर्जी?
चीनच्या सीट्रिप कंपनीने २०१०-११ मध्ये कॉल सेंटरच्या काही लोकांना नऊ महिने घरून काम दिलं. काम १३ टक्क्यांनी वाढलं. नंतर सगळ्यांना निवड करू दिली, तेव्हा निम्म्याहून जास्त जणांनी जागा बदलली आणि कामातली वाढ २२ टक्क्यांवर गेली. ज्याला जिथे जमतं तिथे बसू द्या, एवढंच म्हणणं आहे.

जुना कीबोर्ड: अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच प्रयोगात घरून काम करणाऱ्यांना तेवढ्याच कामावर बढती कमी मिळाली. शिवाय फोन किती घेतले ते मोजता येतं, आमचं काम तसं नाही. माझ्या टीममधली नवी मुलगी एका एररवर तीन दिवस अडकून होती. चॅटवर दर वेळी 'चालू आहे सर'. शेजारी बसली असती तर तोंड बघूनच कळलं असतं. सीनियरची मर्जी होते, ज्युनियरची परवड होते.

उंबरठा: नव्या मुलीचं पटलं. बढतीचं नाही. काम तेवढंच आणि बढती कमी, तर यात खोट घराची की बघणाऱ्याच्या नजरेची?

रात्रपाळी: ज्यांचं काम मशीनपाशी नाहीतर पेशंटपाशी, त्यांनी हा धागा वाचून फक्त उसासा टाकायचा. चालू द्या.

अर्धा कप: त्याच कंपनीने पुढे १६०० हून जास्त लोकांवर दुसरा प्रयोग केला. निष्कर्ष २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आले. आठवड्यातले दोन दिवस घरून. नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले, बढतीत फरक नाही. गंमत म्हणजे वार ठरलेले होते, बुधवार आणि शुक्रवार. म्हणजे ऑफिसच्या दिवशी सगळे भेटणार.

जुना कीबोर्ड: हे चालेल. वार ठरवा, मी उद्या सही करतो.

उंबरठा: वार तुम्ही ठरवणार, मग मर्जी कुठे राहिली? बरं, तेही मान्य. पण बुधवारी तुम्ही स्वतः घरी बसाल?

जुना कीबोर्ड: खरं सांगू? नाही. घरात माझं ऑफिस म्हणजे इस्त्रीच्या टेबलाचा एक कोपरा. मी आपला ऑफिसला जाईन, बाकीच्यांनी खुशाल घरी बसावं.

उंबरठा: मग बघाच, पुढच्या महिन्यात तुमची टीमही बुधवारी 'सहजच' येईल.