दहा जणांची गिल्ड काढावी का?

कराडचा_टँक
वॉव क्लासिक (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमची जुनी आवृत्ती), युरोपचा सर्व्हर. आम्ही कॉलेजचे दहा मित्र, आठ जण ६० लेव्हलला पोचलोय, दोघं पन्नाशीत रेंगाळतायत. सगळे एका डच गिल्डमध्ये (खेळाडूंच्या टोळीत) आहोत. माणसं चांगली, पण रेड (सगळ्यांनी मिळून करायची मोठी स्वारी) त्यांच्या रात्री आठला, म्हणजे आपल्या साडेबाराला. सकाळी सातला माझी शिफ्ट. त्यात गेल्या बुधवारी रॅग्नारॉसने (मोल्टन कोअर रेडचा शेवटचा राक्षस) पर्डिशन्स ब्लेड हा दुर्मिळ खंजीर टाकला आणि तो आमच्या रोगला (लपून वार करणारं Rogue पात्र खेळणाऱ्या मित्राला) न देता एका ऑफिसरच्या (गिल्डच्या कारभाऱ्याच्या) दोस्ताला दिला. पोरं बिथरलीत, आपली गिल्ड काढू म्हणतायत. गंमत म्हणजे त्याच डच लोकांनी मला ऑफिसर होतोस का विचारलंय. काय करू?

कोल्हापुरी_शमन
काढा की! अप्पर ब्लॅकरॉक स्पायरसारख्या छोट्या मोहिमेला दहा पुरतात. मोल्टन कोअरला चाळीस लागतात, उरलेले तीस कराडच्या एसटी स्टँडवरून उचला.

ठाण्याची_प्रीस्ट
शमनभाऊ हसतायत, पण मुद्दा खरा आहे. झुल गुरुब या लहान रेडलासुद्धा वीस लागतात.

आधी एक बघ. चार्टर (गिल्ड काढायचा अर्ज) गेममधल्या १० सिल्व्हरला मिळतो, वर नऊ सह्या लागतात, आणि सही करणारा कुठल्याच गिल्डमध्ये असून चालत नाही. म्हणजे दहाही जणांनी आधी बाहेर पडायचं. परतीचे दोर कापूनच सही होते.

मी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हे करून बसलेय. तेव्हा क्लासिकमध्ये गिल्डची बँक नव्हती. कुणीतरी लेव्हल एकचं पात्र काढायचं आणि सगळ्यांचा माल त्याच्याकडे पोस्टाने पाठवायचा. आमचं चारशेच्या आसपास गोल्ड आणि फायर प्रोटेक्शन पोशनचे (आगीपासून वाचवणाऱ्या औषधांचे) ढीग एका मुलाच्या तसल्या पात्राकडे होते. त्याला नोकरी लागली आणि तो यायचा बंद झाला. चोर नव्हता हो बिचारा, एक निरोपही टाकला होता, ‘बघतो रविवारी’. तो रविवार अजून यायचाय. तेव्हा माल दोघातिघांत वाटून ठेवायचा आणि कोणाकडे काय आहे ते सगळ्यांना दिसेल असं लिहायचं. प्रमुख कोण, हेही गमतीत ठरवू नका. प्रमुखाला गिल्ड नुसती सोडता येत नाही, आधी दुसऱ्याला प्रमुख करावं लागतं, नाहीतर गिल्डच मोडावी लागते.

आता ब्लेडचं. आमच्या सोसायटीत बारा जणींची भिशी आहे. कुणाची चिठ्ठी कधी निघेल ते नशीब, पण चिठ्ठी कशी काढायची ते पहिल्याच महिन्यात ठरतं. लुटीचंही तसंच. तुमच्या गिल्डमध्ये ऑफिसर मंडळी बसून ठरवतात असं दिसतंय. ती पद्धत वाईट नाही, फक्त कारण सांगितलं नाही की वास यायला लागतो. डीकेपी ही एव्हरक्वेस्टच्या काळातली, ड्रॅगन मारल्याचे गुण. हजर राहिलं की गुण जमा, वस्तू घेतली की वजा. हिशोब चोख, पण जुने लोक गुणांवर बसून राहतात आणि नवा माणूस आशाळभूतासारखा बघत राहतो. मित्रामित्रांत मला सॉफ्ट रिझर्व्ह बरं वाटतं: रेडआधीच प्रत्येकाने हवी ती एक-दोन वस्तू लिहून ठेवायची, पडली तर ती लिहिणाऱ्यांतच रोल (फासा टाकायचा).

आणि एका ब्लेडपायी गिल्ड सोडायची म्हटलं तर आम्हा हीलर (बाकीच्यांना बरं करणाऱ्या) लोकांनी रोजच सोडावी. शेजारी लेक झोपलेली असते, त्यामुळे मी माइक कधी सुरूच केला नाही. दोन महिने सगळे मला कुणी अबोल स्वीडिश मुलगा समजत होते.

माझं मत विचारशील तर ऑफिसर हो. वर्षभर त्यांच्या पैशाने शिक. वेळेचं म्हणशील तर मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं पुढे गेली की तीच रेड आपल्याकडे साडेअकराला येते. ऑक्टोबरअखेर पुन्हा साडेबारा.

कराडचा_टँक
ताई, तो तास सरकतो हे कुणी सांगितलंच नव्हतं! पोरांना तुमचं वाचून दाखवलं. रोग अजून फुगलाय, बाकीचे थांबू म्हणतायत. पण ऑफिसर झालो आणि रोगच्याच कामाची वस्तू पडली तर?

ठाण्याची_प्रीस्ट
तर तू बोलायचं नाहीस. ‘हा माझा मित्र आहे, बाकीच्यांनी ठरवा’ एवढं चॅटमध्ये टाकायचं, सगळ्यांना दिसेल असं. त्याला ते मिळालं नाही तर तो फुगेल, मिळालं तर दुसरा कुणी फुगेल. गुरुवारची शिफ्ट मात्र बदलून घे बाबा, झोपेत टँक (पुढे राहून मार झेलणारं पात्र) चालवणारा माणूस आम्हा हीलरचा सगळा माना (जादूची ताकद) संपवतो.