सोमवारी बांधावर विश्वास कसा टिकवायचा?

बदनापूरकर: जय ख्रिस्त! सोयाबीन पाण्यात गेलं, सोसायटीचं कर्ज डोक्यावर. रविवारी चर्चच्या मंडळीत शांत वाटतं. सोमवारी बांधावर उभं राहिलं की छाती दडपते. तुम्ही काय करता?

जालन्याची ताई: दादा, बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र ४:६-७ काढा. चिंता करू नका, आभार मानून देवाकडे मागा, हे येशूचा प्रेषित पौल यानं कैदेत असताना लिहिलंय, सुखात बसून नाही! मी भाकरी थापताना मोठ्यानं प्रार्थना करते, कर्जाचा आकडासुद्धा देवाला सांगते. आणि पंचनामा झाला का? तेही बघा.

लातूरचा भाऊ: रोमकरांस ५:३-४ पण वाचा, संकटातून धीर येतो. मात्र एकट्यानं सोसू नका. पाळकांना घरी बोलवा, वहिनींशी बोला.

बदनापूरकर: तलाठी उद्या येणार आहेत. आकडा मोठ्यानं सांगायचं कधी सुचलं नव्हतं, ताई. आज रात्री आम्ही दोघं सांगतो.