'पानिपत' झोडपणाऱ्यांनो, एकदा शेवटपर्यंत वाचा

भीमथडी :
परवा इथल्याच एकाने लिहिलं, "गोवारीकरांचा पानिपत म्हणजे तीन तास चाललेलं दागिन्यांचं दुकान. आणि हरलेल्या लढाईवर एवढा पैसा ओतायचाच कशाला? जिंकलेल्या लढाया संपल्या का?" खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

अहो, हरलेल्या लढाईवरच सिनेमा व्हायला हवा होता. आपल्या तोंडात पानिपत रोज असतं. संक्रांत कोसळली म्हणतो, विश्वास पानिपतात गेला म्हणतो, लग्नाच्या पंगतीत भाऊगर्दी झाली म्हणतो. पण तो भाऊ, म्हणजे सदाशिवरावभाऊ, उदगीरला निजामाला नमवून लगेच उत्तरेत का निघाला, बरोबर नेलेला पेशव्यांचा मुलगा विश्वासराव जेमतेम अठरा वर्षांचा होता, हे विचारा, निम्मे लोक इकडेतिकडे बघतात.

डिसेंबर २०१९ मध्ये मुलीला घेऊन गेलो होतो, दहावीत होती ती. मध्यंतरात म्हणाली, "बाबा, एवढं कठीण होत गेलं तर हे घरी का नाही आले?" मी खुर्चीच्या हातावर पॉपकॉर्नचे दाणे मांडले. ही यमुना, ही दिल्ली, हे वर कुंजपुरा. भाऊ कुंजपुरा घ्यायला वर गेले, तेवढ्यात अब्दालीने बागपतला नदी ओलांडली आणि दिल्लीच्या वाटेवर येऊन बसला. परका दक्षिणेला, आपण उत्तरेला. तिने मधला एक दाणा उचलला आणि म्हणाली, "म्हणजे घरचा रस्ताच बंद." पोरीला हे विचारावंसं वाटलं, ते त्या सिनेमामुळे. अर्जुन कपूरने केलेला भाऊ मलाही पुरता पटलेला नाही. तरी हे काम करायचं धाडस दुसऱ्या कुणी केलं नव्हतं.

तोफखाना :
दागिन्यांचं दुकान म्हणणारा मी नाही, पण त्याच्या बाजूचा आहे. धाडसाला नमस्कार. माझा प्रश्न एकच आहे, भूक कुठे आहे?

पानिपत तलवारीने हरलो नाही, पोटाने हरलो. डिसेंबर १७६० मध्ये रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद आटली. शेवटी सरदार भाऊंकडे गेले ते हे सांगायला, की दोन दिवस अन्नाचा कण नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. १४ जानेवारीला माणसं बाहेर पडली ती पगडीचे शेमले सोडून, तोंडाला हळद फासून. अब्दालीच्या बाजूच्या शुजाच्या छावणीतल्या काशीराजाने हे लिहून ठेवलंय. आणि पडद्यावर? भरलेली गालफडं, तुकतुकीत घोडी. अडीच महिने कोंडलेल्या छावणीतलं घोडं असं दिसतं का? मी खेड्यात वाढलोय. ७२च्या दुष्काळातली जनावरं माझ्या वडिलांनी पाहिलीत, बरगड्या मोजता येत होत्या म्हणायचे.

दुसरं, गोलाची लढाई. इब्राहिमखान गारदीची सगळी योजना त्या गोलावर होती. कडेने तोफा आणि फौज, मध्ये बायकापोरं आणि बुणगे, म्हणजे न लढणारी माणसं, आणि तसंच सरकत यमुना गाठायची. गारद्यांनी, म्हणजे त्याच्या कवायती बंदूकवाल्या पायदळाने, अब्दालीकडच्या रोहिल्यांची फळी कापून काढली होती. मग विंचूरकर, गायकवाडांचे स्वार गोल सोडून पुढे धावले आणि आपल्याच तोफांच्या तोंडासमोर आले. सिनेमा बघून हे कळलं असा एक माणूस मला दाखवा. मूळ चूक मात्र त्याच्याही आधीची, एवढे बुणगे बरोबर घेतले तिथेच लढाई गेली.

मोडीवाचक :
दोघंही सिनेमावर भांडताय. मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. पेशवे दफ्तरात न उघडलेले रुमाल, कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, किती पडलेत, जाऊन बघा. ते ज्या जुन्या लिपीत आहेत ती मोडी येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. एका गाण्याच्या खर्चात दहा मुलं पाच वर्षं मोडी शिकून वाचत बसली असती. मी स्वतः गेली नऊ वर्षं लोकांची घरची कागदपत्रं फुकट वाचून देतोय. एका घरी तर पावसात भिजलेला गठ्ठा मला दाखवायच्या आधी बंबात घातला होता.

भीमथडी :
मोडीवाचक, तुमची तळमळ मान्य, पण सिनेमा नसता आला तर तो पैसा दफ्तराकडे वळला असता का? उगाच एकाचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर.

सांजवात :
तोफखाना, "एवढे बुणगे बरोबर घेतले तिथेच लढाई गेली" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय आणि दर वेळी अंगाची लाही होते. बुणगे म्हणजे कोण? नाल ठोकणारे, चारा आणणारे, दळण दळणाऱ्या. फौजेच्या आधाराने मथुरा, कुरुक्षेत्र होईल म्हणून निघालेल्या म्हाताऱ्या. त्यांनी दळलेलं खाऊनच तुमचे स्वार दिल्लीपर्यंत गेले. हरलो की मग ते ओझं!

आमच्या घरची वंशावळ आहे. त्या पिढीत चार भावांची नावं, दोघांपुढे "पानिपती ठार". थोरल्याबरोबर त्याची बायकोही गेली होती. तिच्यापुढे नुसतं "कुटुंब". नाव नाही. आजी संक्रांतीला तिळगुळाची एक वडी उंबऱ्यावर ठेवायची, आतल्या बाजूला नाही, बाहेरच्या बाजूला. विचारलं तर म्हणायची, "ती यायची राहिलीय." आजी गेल्यावर आई ठेवते. मी पुण्यात फ्लॅटच्या दाराशी ठेवते.

सिनेमात भाऊंची बायको पार्वतीबाई आहेत, गोष्टही त्याच सांगतात, वैद्यकी करतात, ठीक. पण एका पेशवीणबाईच्या मागे हजारो बायका होत्या आणि त्या मला नेपथ्यासारख्या वाटल्या. माझी तक्रार असेल तर ही.

तोफखाना :
मी तुमच्या घरच्या बाईला ओझं म्हणालो नाही. लष्करी हिशोब सांगत होतो. भरतपूरचा जाट राजा सूरजमल, त्यानेही भाऊंना हेच सांगितलं होतं, बायकामुलं आणि जड सामान मागे ठेवा, गनिमी काव्याने लढा.

सांजवात :
हिशोबात माणूस आला की तो आकडा होतो, हेच तर म्हणतेय. आणि मागे ठेवा म्हणजे कुठे, कुणाच्या भरवशावर? दत्ताजी शिंदे अब्दालीच्या फौजेशी लढताना दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडून वर्ष झालं नव्हतं. उत्तरेत सुरक्षित जागा कोणती होती सांगा.

नर्मदेपार :
भरतपूर होतं की. आता सूरजमलचं नाव निघालंय तर बोलतोच. मी इंदूरचा, सहा वर्षं भरतपुरात नोकरीला होतो. सिनेमा आला तेव्हा तिथेच. सूरजमल मदतीच्या बदल्यात आग्र्याचा किल्ला मागतो असं दाखवलं आणि राजस्थानात थिएटरं बंद पडली, शेवटी दृश्य कापावं लागलं. घरमालकांनी मला चहाला बोलावलं. आवाज चढवला नाही, पण डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "तुमची माणसं उघडीवाघडी, जखमी आमच्या दारात आली. आमच्या राणी किशोरीने त्यांना जेवू घातलं, कपडे दिले. आणि तुम्ही आम्हाला सौदा करणारे दाखवलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाजीरावांचा समशेरबहाद्दर त्याच मुलखात जखमांनी गेला, त्यांनीच त्याला माती दिली. पडत्या काळात ज्याने ताटात वाढलं त्याला असं रंगवणं मला कधीच पटणार नाही, मग तोफा कितीही छान असोत.

भीमथडी :
इथे मी हरलो. सूरजमलचं चित्रण चुकलंच, आणि मुलीला सांगताना ते मी गाळलं, हेही कबूल करतो. पण म्हणून सगळा सिनेमा कचरा? पानिपतच्या रणातून निघाले म्हणून मल्हारराव होळकरांना दोनशे वर्षं पळपुटे म्हणणारे आपणच, तेव्हा कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही!

नर्मदेपार :
इंदूरवाल्याला मल्हाररावांवरून डिवचू नका. ते निघाले तेव्हा विश्वासराव पडले होते, फळी मोडली होती. जिवंत राहिले म्हणून पुढे उत्तर पुन्हा सावरायला होळकर उरले. मेले असते तर तुम्ही पुतळा उभारला असता, एवढंच.

तोफखाना :
मल्हाररावांचा धागा वेगळा काढा, नाहीतर इथे सकाळ होईल. भीमथडी, एवढं देतो, गारदी पलटण रांगेत उभी राहते ती दृश्यं चांगली होती, आणि इब्राहिमखानाला मान दिलाय, जो आपल्या पुस्तकांनी पुरेसा दिला नाही. भुकेचं मात्र सोडणार नाही. आणि सांजवात, "ओझं" या अर्थाने बुणगे हा शब्द मी पुन्हा वापरणार नाही. हिशोब माझा तोच आहे, शब्द मागे घेतो.

सांजवात :
शब्द मागे घेतलात, तेवढं पुरे. हिशोबावर नंतर भांडू.

मोडीवाचक :
सांजवात, एक विचारू? ती वंशावळ मोडीत आहे की कुणी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवलेली? उतरवताना बायकांची नावं गाळून "कुटुंब" लिहिलेलं मी तीन घरांत पाहिलंय. मूळ कागद असेल तर समासात बघा, श्राद्धतिथीच्या नोंदीत बघा. तिथीला नाव लागतं, त्याशिवाय पिंड कसा द्यायचा? तिथे सापडू शकतं.

सांजवात :
आमच्याकडची प्रत बाळबोध आहे, आजोबांनी वहीत उतरवलेली. मूळ गठ्ठा वाईला चुलत काकांकडे, माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत. कुणी उघडल्याचं मला आठवत नाही. रविवारी जाते.

मोडीवाचक :
कागद उलगडू नका, जोर लावू नका. घडी आहे तशी ठेवा आणि उजेडात आधी वरचा फोटो पाठवा. रविवारी मी घरीच आहे.