येशू होऊन गेलाच नसता, तर श्रद्धा टिकली असती का?

ज्ञानेश्वरी पटायला ज्ञानेश्वरांचा आपेगावचा जन्म सिद्ध करावा लागत नाही, तसंच येशू खरोखर होऊन गेला हे सिद्ध न करताही त्याच्यावरची श्रद्धा टिकते, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. ओवी स्वतःच्या बळावर उभी राहते. ख्रिस्ती श्रद्धा घडलेल्या घटनेवर उभी आहे. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर आमचा उपदेश आणि तुमचा विश्वास दोन्ही फोल, असं पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक पौलच करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो (बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र, १५:१४). आपल्याकडे जालन्याच्या चर्चमध्ये म्हणतात त्या मतांगीकारातही (श्रद्धेची थोडक्यात कबुली) येशूला क्रुसाची शिक्षा देणारा पंतय पिलात येतो. रोमन सुभेदाराचं नाव उपासनेत कशाला? घटनेचा काळ पक्का करायला. (त्याचं नाव कोरलेला दगड १९६१ साली इस्राएलमधल्या कैसरियात सापडला.) अर्थात येशू होऊन गेला हे इतिहास सांगेल, तो उठला का, हे त्याच्या साधनांनी ठरत नाही.

येशू होऊन गेल्याच्या पुराव्यात गल्लत होते ती पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसीफस याच्यापाशी. यहुद्यांच्या इतिहासावरच्या त्याच्या ग्रंथाच्या १८व्या भागात येशूबद्दल 'हा ख्रिस्त होता' असं वाक्य आहे. ख्रिस्ती नसलेला यहुदी असं लिहिणार नाही; ती नंतरच्या नकलाकाराची भर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण म्हणून अख्खा उतारा बनावट ठरत नाही. अपपाठ (मागाहून शिरलेला चुकीचा मजकूर) वेगळे काढायचे असतात, पैठणच्या नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीतले काढले तसे. २०व्या भागात 'ख्रिस्त म्हणवल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ' याकोब ओघात येऊन जातो. तो उल्लेख जास्त वजनाचा, कारण तिथे येशूची थोरवी सांगायचा हेतूच नाही. आणि याच याकोबाला आपण यरुशलेमात भेटलो, असं पौल सांगतो (गलतीकरांस १:१९).