मोटरच्या कंपनांवर चालणारा सेन्सर: पीझो पट्टी कशी करावी?

पंचगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी मेंटेनन्स बघतो. ब्लोअर आणि पंपांच्या मोटरींवर बेअरिंगचं तापमान कळवणारे वायरलेस सेन्सर बसवलेत. सेल बदलायचा म्हटला की गार्ड काढा, मशीन थांबवा. नको झालंय. मोटर दिवसभर थरथरतेच, मग त्या थरथरीवरच सेन्सर चालवता येईल का? पीझो (वाकवला की वीज देणारा पदार्थ) वापरून रुपयाच्या नाण्याएवढं काहीतरी करायचा विचार आहे. मोटरी चार पोलच्या, प्लेटवर १४४० आरपीएम. सुरुवात कुठून करू?

अनुनाद:
आधी कंपन मोजा. एका टोकाला आवळलेली, दुसऱ्या टोकाला वजन ठेवलेली आणि पीझो चिकटवलेली लवचीक पट्टी लागते, तिचं नंतर बघू. १४४० भागिले ६० म्हणजे २४ हर्ट्झ (सेकंदाला २४ कंपनं), आणि पट्टी तिथेच ट्यून करायचा मोह होतो. पण लोड उतरला की मोटर १४९० च्या जवळ जाते, म्हणजे २४.८. चांगल्या पट्टीचा अनुनाद (ठरावीक वारंवारतेलाच जोरात हलणं) इतका टोकदार असतो की एवढ्या फरकाने वीज निम्म्याच्याही खाली येते.

त्यापेक्षा १०० हर्ट्झ बघा. स्टेटरमधली (मोटरच्या स्थिर भागातली) चुंबकीय ओढ लाइनच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्झच्या, दुप्पट वेगाने होते, लोड कितीही असो. आपल्याकडे ग्रिड ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये ठेवायचा दंडक आहे, त्यामुळे ही वारंवारता जागची फारशी हलत नाही. तुमच्या मोटरवर ती पुरेशी जोरात आहे का, एवढाच प्रश्न. फोनच्या अ‍ॅपवर विसंबू नका: सेकंदाला २०० पेक्षा जास्त नमुने घेतले नाहीत तर १०० हर्ट्झ भलत्याच ठिकाणी दिसतं. एडीएक्सएल३४५ या प्रवेग मोजणाऱ्या चिपचं स्वस्त मॉड्यूल ३२०० पर्यंत जातं. ते बेअरिंग हाउसिंगवर पक्कं चिकटवा, हाताने धरू नका.

खटपट्या:
आकडा देतो. स्प्रिंग स्टीलची पट्टी, ०.३ मिमी जाड, १० मिमी रुंद, मोकळी लांबी ३० मिमी. टोकाला एक-सव्वा ग्रॅम वजन ठेवलं की १०० हर्ट्झच्या आसपास येते. पीझो चिकटवल्यावर पट्टी ताठ होते, म्हणून वजन थोडं वाढवावं लागेल. ते स्क्रूवर ठेवा, पुढेमागे सरकवून ट्यून करता येतं.

पीझोचा तुकडा बुडाशी, क्लॅम्पच्या अगदी लगत लावा. सगळा ताण तिथेच असतो. सोल्डरिंगची टीप पटकन उचला, जास्त तापलं की ध्रुवीकरण (ज्यामुळे पीझो वीज देतो) उतरतं आणि तुकडा वरून धडधाकट दिसूनही मेलेला असतो.

आणि मीटरवर व्होल्ट बघून हुरळू नका. २० नॅनोफॅरडच्या पीझोला १०० हर्ट्झवर साधारण ८० किलोओहमचा लोड (टोकांना जोडलेला रोध) जुळतो. तो लावून मोजाल तीच खरी वीज. पुढे एलटीसी३५८८-१ घ्या, रेक्टिफायर आणि ३.३ व्होल्टचा कन्व्हर्टर एकाच चिपमध्ये मिळतो.

सह्यकडा:
नाण्याचा हट्ट मात्र सोडा. वीज वजनाच्या प्रमाणात मिळते, आणि लांबी निम्मी केली की तेच वजन ठेवूनही वारंवारता पावणेतीन पट होते. सिलिकॉनच्या मिलिमीटरभर पट्ट्या शेकडो हर्ट्झवर जातात त्या याचमुळे. कारखान्यातल्या संथ कंपनाला त्या बसत नाहीत. काडेपेटीएवढी जागा द्या. हातात दहा-वीस मायक्रोवॅट येतील असं धरून चला, म्हणजे कपॅसिटर भरू द्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटांनी एकदा तापमान पाठवायचं. बेअरिंगला तेवढं पुरतं.

पंचगंगाकाठ:
मनापासून आभार. दोन पंपांना व्हीएफडी (पुरवठ्याची वारंवारता बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आहे, बाकी सगळ्या मोटरी थेट लाइनवर. त्या दोघांचं काय करू?

अनुनाद:
त्या दोघांना हे लावू नका. व्हीएफडीवर वेग बदलला की ती १०० ची वारंवारताही सोबत सरकते. तिथे लिथियम थायोनिल क्लोराइडचा सेल घाला आणि तापमान पाठवायची वेळ लांबवा. पट्टी आधी ब्लोअरवर लावून बघा. आणि मोजलेला स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती कंपन, त्याचा आलेख) इथे टाका, प्रवेग किती येतो ते बघून वजनाचं नक्की सांगता येईल.