बुद्धिबळाची काचेची मोहरी काळी का दिसतात?

प्रश्न : पॉव्ह-रे या, प्रकाशकिरणांचा माग काढून त्रिमितीय चित्र बनवणाऱ्या संगणक-प्रणालीत बुद्धिबळाचा पट रचताना मी प्यादी आणि उंट बाजूची बाह्यरेषा उभ्या अक्षाभोवती फिरवून घडवले, परंतु काचेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो हे सांगणारा आकडा) १.५ देऊनही, एकामागे एक उभ्या असलेल्या मोहऱ्यांच्या मानेपाशी काळे डाग उमटतात. चूक कोठे असावी?

उत्तर १ : किरणाचा माग किती टप्प्यांपर्यंत काढायचा याला पॉव्ह-रेमध्ये मर्यादा असते; किरण काचेत शिरताना एक आणि बाहेर पडताना आणखी एक टप्पा खर्ची पडतो. मूळ मर्यादा ५ असल्याने दोन-तीन मोहऱ्यांतच ती संपते आणि पुढे काळा रंग धरला जातो. ही मर्यादा ठरवणारे ‘मॅक्स ट्रेस लेव्हल’ १५ करून पाहावे.

उत्तर २ : सहमत. मात्र मानेचे भाग ‘युनियन’ने (भाग नुसते एकत्र ठेवणाऱ्या आज्ञेने) जोडले असल्यास आतले पृष्ठभागही दिसतात; पारदर्शक वस्तूंसाठी आतले पृष्ठभाग काढून टाकणारी ‘मर्ज’ ही आज्ञाच वापरावी.

प्रश्नकर्ता : १५ केल्यावर प्यादी स्वच्छ झाली, उंटाच्या मानेत दिसणारे आतल्या पृष्ठभागाचे कडे मात्र ‘मर्ज’नेच गेले.