१९९१ नंतर कापूस खरंच मोकळा झाला का?

आजोळ_पांढरकवडा: वर्गात १९९१ म्हटलं की लायसन्स राज, रुपयाचं अवमूल्यन आणि मनमोहन सिंगांचा २४ जुलैचा अर्थसंकल्प. शेतीचं काय झालं ते दोन ओळींत संपतं. मामा म्हणतात, उदारीकरणानं कापूसवाला बुडाला. बाबा म्हणतात, उदारीकरण शेतापर्यंत आलंच नाही. खरं काय?

निफाडकर: मामांचं खरं. अमेरिका आपल्या कापूस शेतकऱ्याला भरघोस अनुदान देते, आणि आपण २००८ला आयात शुल्क शून्यावर आणलं. कोरडवाहू शेतकरी कुठवर टिकणार?

वणी_तालुका: मी तुझ्या बाबांच्या बाजूनं. १९७२पासून राज्यात एकाधिकार खरेदी होती. कापूस पणन महासंघालाच घालायचा. आमच्याकडून पैनगंगा ओलांडली की तेव्हाच्या आंध्र प्रदेशातला आदिलाबाद जिल्हा. तिकडे भाव चढा असला तरी कापूस नेता येत नसे, नाक्यावर गाडी अडवत. चुकाऱ्याची वाट बघत बसायचं, त्यातूनही सोसायटीचं कर्ज आधी कापून घेत. शेतकरी संघटनेचे शरद जोशी डंकेल प्रस्तावाच्या, म्हणजे जागतिक व्यापार खुला करण्याच्या कराराच्या मसुद्याच्या, बाजूनं उभे राहिले तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. मला ते पटलं होतं, आजही पटतं.

पुढे एकाधिकार गेला, खासगी व्यापारी आले, रोख पैसा हातात आला. हे चांगलंच झालं. पण बाजार मोकळा झाला तो एकाच बाजूनं. भाव पडला की म्हणतात, जगाचा बाजार आहे, सोसा. चढला की सरकार आडवं येतं. एप्रिल २०१०ला निर्यात थांबवली, ५ मार्च २०१२ला थेट बंदी. मधे पुन्हा बसवलेलं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट २०२५ला काढलं आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. आमची वेचणी नेमकी दसरा-दिवाळीला असते!

माग_इचलकरंजी: दादा, सूत महागलं की आमचे माग बंद पडतात. मजुराला त्या आठवड्याचा पगार मिळत नाही. त्याचाही विचार करा.

निफाडकर: डिसेंबर २०२३ला कांद्याची निर्यात बंद केली तेव्हाही हेच कारण, गिऱ्हाईक. वणीकर, तुमचं आता पटतंय.

वणी_तालुका: इचलकरंजीकर, मजूर जगलाच पाहिजे. त्याला सरकारनं तिजोरीतून आधार द्यावा, माझ्या भावातून नको. आणि शुल्क बदलायचंच असेल तर मे महिन्यात, पेरणीआधी जाहीर करा. मग कापूस लावायचा की सोयाबीन, ते आम्ही ठरवू.